चॅप्टर ७७ रिकामा आहे

कस्टम्स क्लिअरिंगचं काम मी ज्यांच्या हाताखाली शिकले, ते माझे जुने बॉस निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्याबद्दल लिहायचं खूप दिवस मनात होतं. ऑफिसात सगळे त्यांना सर म्हणायचे, इथंही मी सरच म्हणते. नाव छापून आलेलं त्यांना आवडणार नाही.

शांत बॉस बऱ्याच जणांना मिळाले असतील, हसवणारेही मिळाले असतील. सर दोन्ही होते, आणि तेही अशा धंद्यात जिथं प्रत्येक दिवसाचं मीटर पडतं. परदेशातून आलेला कंटेनर न्हावा शेवा बंदरात उतरला की शिपिंग लाइन मोजके दिवस फुकट देते, त्यांना आम्ही फ्री डेज म्हणतो. ते संपले की डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकून राहिल्याचा दंड, सुरू. तेही डॉलरमध्ये, आणि जितका उशीर तितका दर चढा. सीएफएसचं, म्हणजे बंदरातून काढून कंटेनर जिथं ठेवतात त्या यार्डाचं भाडं वेगळं. ३० दिवसांत माल सोडवला नाही तर कायद्याप्रमाणे नोटीस देऊन तो विकताही येतो. त्यामुळे ज्याचा माल अडकलाय तो माणूस फोनवर ओरडतो. तो ओरडला की बऱ्याच ऑफिसांत बॉस स्टाफवर ओरडतो आणि स्टाफ एकमेकांवर. आमच्याकडं तो आवाज सरांच्या टेबलापर्यंत यायचा आणि तिथंच संपायचा.

मी लागले २००८ मध्ये. ऑफिस वाशीला, सेक्टर १७ मध्ये. मी ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर लोकलनं यायचे. बी. कॉम. झालेली, टायपिंग चांगलं, एवढ्या भांडवलावर मला बिल ऑफ एंट्री भरायला बसवलं होतं. बिल ऑफ एंट्री म्हणजे आयात झालेल्या मालाचं कस्टम्सपुढं केलेलं डिक्लेरेशन. काय आणलंय, कुठून, किती किमतीचं, कोणत्या कोडखाली, ड्युटी किती. ते भरण्याआधी त्याची चेकलिस्ट छापतात, ती कोणीतरी जाणता माणूस ओळीओळीनं तपासतो आणि मगच ते कस्टम्सच्या सिस्टीममध्ये जातं. आमच्याकडं तो जाणता माणूस म्हणजे सर. शर्टाच्या खिशात कायम अर्धी झिजलेली पेन्सिल, आणि चेकलिस्टवर त्या पेन्सिलीच्या बारीक टिका.

पहिल्याच आठवड्यात एका पार्टीनं, म्हणजे गिऱ्हाइकानं, मेलवर पाठवलेला कंटेनर नंबर सरांनी नुसता पाहिला आणि म्हणाले, "हा कंटेनर अजून जन्माला आलेला नाही."

मला वाटलं गंमत करताहेत. त्यांनी कागद पुढं ओढला. कंटेनर नंबरात चार अक्षरं आणि सात आकडे असतात. त्यातला शेवटचा आकडा कोणी मनानं देत नाही, तो आधीच्या दहांवरून हिशेबानं येतो. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत, प्रत्येक जागेला दुपटीनं वाढत जाणारा गुणक, सगळ्याची बेरीज करून अकरानं भागायचं आणि बाकी बघायची. सरांनी पेन्सिलीनं सगळं मांडून दाखवलं. बाकी तीन आली, कागदावर आठ होते. पार्टीला फोन लावला तर त्यांच्या माणसानं फॅक्सवरचा पुसट तीन आठ म्हणून उतरवला होता. सर फोनवर एवढंच म्हणाले, "तीनला कोणीतरी मागून मिठी मारली होती, आम्ही सोडवलं." पलीकडचा माणूस हसला आणि त्यानं लगेच मूळ बी/एल, म्हणजे शिपिंग लाइननं दिलेली मालाची पावती, स्कॅन करून पाठवली. त्याला झापलं असतं तर बी/एल यायला संध्याकाळ झाली असती, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढं कळलं.

त्यांचा विनोद असा कामाला यायचा. समोरचा घाबरलेला किंवा चिडलेला असला की त्याच्याकडून हवा तो कागद मिळत नाही. सर आधी त्याला हसवायचे आणि त्याच दमात कागद मागायचे. एक शेठ होते, रोज सकाळी फोन करून "माझा माल कुठंय? माझा माल कुठंय?" असा गजर लावायचे. एकदा सर म्हणाले, "शेठ, तुमचा माल तुमच्यापेक्षा सुरक्षित आहे. तो डब्यात सीलबंद बसलाय, तुम्ही पाम बीच रोडवर गाडी चालवताना फोनवर बोलताय. गाडी बाजूला घ्या आणि मला इन्शुरन्सचा कागद कोणाकडं आहे तेवढं सांगा." शेठनी खरंच गाडी बाजूला घेतली.

चॅप्टर ७७ ची गोष्ट त्याच शेठमुळं झाली. कस्टम्स टॅरिफमध्ये, म्हणजे ड्युटीच्या दरांच्या पुस्तकात, जगातला सगळा माल चॅप्टरांत वाटलेला आहे. जिवंत जनावरं चॅप्टर १, लोखंड-पोलाद ७२, यंत्रं ८४, विजेचं सामान ८५. मी ते पाठ करत बसले होते आणि ७६ ॲल्युमिनियम, ७८ शिसं, मधला ७७ काही सापडेना. सरांना विचारलं. ते म्हणाले, "७७ रिकामा आहे. पुढं कधी लागला तर असावा म्हणून जगानं राखून ठेवलाय. तोपर्यंत आपण त्यात शेठची घाई ठेवू." तेव्हापासून ऑफिसात कोणी विनाकारण घाई करायला लागला की कोणीतरी म्हणायचं, "७७ मध्ये टाक." ओरडणाऱ्या पार्टीचा फोन ठेवल्यावर मी आजही मनात तेच म्हणते.

पण मला सरांचं सगळ्यात मोठं देणं वाटतं ते डॉकवर नेण्याचं. आमच्या धंद्यात बायका ऑफिसात पुष्कळ. डॉक्युमेंटेशन, बिलिंग, अकाउंट्स. माल प्रत्यक्ष बघायला, एक्झामिनेशनला सीएफएसमध्ये जाणाऱ्या तेव्हा मला तरी दिसल्या नव्हत्या. मला जायचं होतं. जो माल मी रोज कागदावर भरते तो दिसतो कसा, हे बघायचं होतं. मी धीर करून विचारलं. सर म्हणाले, "उद्या बूट घालून ये. सँडल नको, तिथं खिळे असतात." बस. यावर मीटिंग नाही, भाषण नाही.

पहिल्या दिवशी उरण फाट्याच्या पुढं गव्हाण फाट्यापर्यंत ट्रेलरची रांग लागली होती. सीएफएसच्या गेटवर कोणीतरी विचारलंच, "मॅडमना कशाला आणलंत इथं?" सर चालता चालता म्हणाले, "कंटेनर उघडायला कटर लागतो हो, मिशा नाही लागत." तो माणूस हसत बाजूला झाला. पुढं कितीतरी वर्षं त्याच गेटवर तोच माणूस मला आधी पास काढून द्यायचा.

द्रोणागिरीचं ते यार्ड मला अजून दिसतं. चार-पाच थर उंच रचलेले डबे, मधून धावणारे रीच स्टॅकर, म्हणजे डबे उचलणाऱ्या गाड्या, डिझेलचा वास, पायाखाली खडी. सील कापल्यावर दार उघडतं तेव्हा आतून गरम, कोंदट हवा अंगावर येते आणि ओल्या लाकडाचा वास. सरांनी मला पहिल्यांदा कंटेनरच्या दाराशी उभं केलं आणि सांगितलं, "घाई करायची नाही. कस्टम्समध्ये धावणाऱ्या माणसाकडं सगळे संशयानं बघतात. आधी नंबर वाच, मग सील वाच, मग कागद वाच. माल शेवटी."

सीलचं महत्त्व मला त्याच पावसाळ्यात कळलं. रबाळ्याच्या एका कारखान्याचं पॅकेजिंग मशीन आलं होतं. ऑफिसर दारापाशी आले, त्यांनी सीलचा नंबर मोठ्यानं वाचला, मी हातातल्या बी/एलवर बघितला. शेवटचे दोन आकडे उलटसुलट. दारावर ७१, कागदावर १७. सील जुळत नाही याचा अर्थ वाटेत कोणीतरी कंटेनर उघडला असू शकतो. काम तिथंच थांबलं. ऑफिसरनं वरच्यांना कळवायचं ठरवलं. कारखान्याचा माणूस सोबत होता, त्यानं मालकांना फोन केला आणि दोन मिनिटांत मालक सरांच्या फोनवर. लांबून मलाही ऐकू येत होते.

सर म्हणाले, "मी एका तासानं फोन करतो. तोवर तुम्ही जेवून घ्या, आम्हीही दोन घास खातो. उपाशी माणसाला आकडे उलटे दिसतात, तिकडच्या क्लार्कचं तेच झालेलं दिसतंय."

मग त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि फाइलच्या कव्हरवर तीन ओळी लिहिल्या. कोण अडलंय. कोणाच्या कागदासाठी अडलंय. तो कागद कधीपर्यंत हवा. हे तीन प्रश्न ते प्रत्येक अडचणीत लिहायचे, कधी बोलून दाखवायचे नाहीत. लिहून झालं की फाइल उघडली आणि मागच्या खिशातून एक रंगीत प्रिंट काढली. परदेशात कारखान्यात माल भरून दार बंद केल्यावर काढलेला कंटेनरचा फोटो. त्यात सील स्पष्ट दिसत होतं, शेवटी ७१.

हा फोटो नशिबानं सापडला नव्हता. सर प्रत्येक पार्टीच्या प्रत्येक सप्लायरकडून तो मागवायचे. जहाज निघायच्या आधीच. मला एकदा त्यांनी कारण सांगितलं होतं, "कंटेनर नंबर चुकला तर शेवटचा आकडा त्याला पकडून देतो. सील नंबरला पकडून देणारं कोणी नाही, म्हणून त्याचा फोटो." शेकडो जॉबमध्ये तो फोटो कोणी पाहतसुद्धा नाही. त्या दिवशी सरांनी तो ऑफिसरपुढं ठेवला आणि लाइनकडून चुकीच्या दुरुस्तीचं पत्र मागवायला माणूस पाठवला. ऑफिसरनं तरीही शंभर टक्के तपासणी घेतली, आणि घ्यायलाच हवी होती. त्यांची जबाबदारी आहे. सगळ्या पेट्या उघडल्या, पॅकिंग लिस्टशी ताडून पाहिल्या, पावसात ताडपत्री धरून. माल बरोबर होता. फ्री डेजच्या आत मशीन रबाळ्याला पोचलं.

लोक म्हणतात अमुक माणसाचा स्वभावच शांत. सरांच्या बाबतीत मला हे पटत नाही. त्यांची शांतता त्या फाइलच्या मागच्या खिशात असायची. जहाज यायच्या आधी जे करता येण्यासारखं आहे ते झालेलं असायचं, म्हणून जहाज आल्यावर त्यांना विनोद सुचायचा. एकदा मी विचारलं, सर, तुम्हाला राग येतच नाही का? म्हणाले, "येतो ना. पण मी त्याला आधी चेकलिस्ट भरायला लावतो. भरेपर्यंत त्याचे फ्री डेज संपतात."

पुढं त्यांनीच मला जी कार्डाच्या परीक्षेला बसायला लावलं. एच कार्डावर माणूस हाताखाली मदत करू शकतो. परीक्षा देऊन जी कार्ड मिळालं की कागदांवर स्वतः सही करता येते. माझा धीर होत नव्हता. मालाचं वर्गीकरण कसं करायचं याचे जे नियम आहेत ते वाचताना शब्द कळायचे, अर्थ निसटायचा. एके दिवशी सरांनी माझ्या टेबलावरचं बॉलपेन उचललं आणि उघडलं. नळी, टोपण, स्प्रिंग, रिफिल, सगळं ओळीनं मांडलं.

"हे काय आहे?"

"पेनाचे भाग."

"सगळे आहेत?"

"हो."

"मग हे पेनच आहे. सुटं करून एकाच डब्यातून आणलं म्हणून त्याची जात बदलत नाही. हा झाला नियम दोन अ." मग त्यांनी रिफिल तेवढी वेगळी केली. "पेन ९६०८ मध्ये. नुसत्या रिफिली आल्या तरी ९६०८, पण आतली ओळ वेगळी. आणि नुसती शाई आली तर थेट ३२१५, चॅप्टरच बदलला." पेन पुन्हा जोडून त्यांनी माझ्या हातात दिलं. "आता हेच घेऊन परीक्षेला जा." मी तेच पेन घेऊन गेले आणि पास झाले. घरी आईनं शिरा केला, ऑफिसात सरांनी सगळ्यांना वडापाव दिले. माझी पहिली सही ज्या बिलावर झाली त्याची झेरॉक्स त्यांनी मला काढून दिली, ती अजून आहे.

अप्रेझर, म्हणजे बिल तपासणारा कस्टम्सचा अधिकारी, त्याच्यापुढं त्यानं काढलेली शंका सोडवायला सर बसले की त्यांचं बोलणं ऐकत राहावं. वाद घालायचे नाहीत. एका अप्रेझरनं विचारलं, हे मशीन आहे की मशीनचा पार्ट? सर म्हणाले, "साहेब, एकटं चाललं तर मशीन, दुसऱ्याला लावून चाललं तर पार्ट. कॅटलॉग आणलंय, पान चौदावर चित्र आहे. तुम्ही बघा, तुम्ही म्हणाल ते भरतो." अप्रेझरनी बघितलं, चित्रावरून त्यांचं त्यांनाच ठरवता आलं.

७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन जहाजांची टक्कर झाली, कंटेनर समुद्रात पडले आणि वाहतूक काही दिवस बंद राहिली. तेव्हाही फोनांचा पाऊस. "माझा कंटेनर पाण्यात पडला का?" असं विचारणाऱ्या एका पार्टीला सर म्हणाले, "तुमचा अजून कोलंबोत आहे. पोहायची वेळ त्याच्यावर आलेली नाही." ज्यांचं जहाज खरंच बाहेर ताटकळत होतं त्यांच्याशी मात्र त्यांनी एक शब्दही गमतीचा बोलला नाही. कोणाला हसवायचं आणि कोणाला फक्त नीट माहिती द्यायची, हे त्यांना नेमकं कळायचं.

मला त्यांची सगळ्यात मोठी कसोटी वाटते ती जून २०१७ ची. १ जुलैपासून जीएसटी येणार होता. आयातीवर तोवर बेसिक ड्युटीबरोबर सीव्हीडी आणि चार टक्के एसएडी या दोन जादा ड्युट्या लागायच्या, त्या जागी आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, येणार होता. प्रत्येक पार्टीचा एकच प्रश्न, माल ३० तारखेच्या आत सोडवू की थांबू? त्यात २७ जूनला जगभर पसरलेल्या एका संगणक-व्हायरसनं न्हावा शेवाच्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. त्या टर्मिनलचे डबे हलेनात, बाहेर ट्रेलरच्या रांगा. २८ तारखेला सकाळी ऑफिसात सगळ्यांचे चेहरे लाल झाले होते. सर आत आले, बॅग ठेवली आणि म्हणाले, "व्हायरस कॉम्प्युटरला झालाय, तुम्ही का तापलात?"

मग कपाटातून त्यांची वही निघाली. सगळ्या पार्ट्यांचे जीएसटी नंबर त्यांनी दोन महिने आधीपासून मागून मागून त्यात लिहून ठेवले होते. तेव्हा आम्हाला तो त्रास वाटला होता. फळ्यावर त्यांनी दोन रकाने आखले. ज्यांच्या जहाजाची एंट्री, म्हणजे कस्टम्सकडून माल उतरवायची परवानगी, झालेली आहे आणि माल व्हायरस न लागलेल्या टर्मिनलवर आहे ते एकीकडं, बाकीचे दुसरीकडं. दुसऱ्या रकान्यातल्यांना त्यांनी समजावलं की बिल आज भरलं तरी दर आजचा लागेलच असं नाही. बिल भरल्याची तारीख आणि जहाजाच्या एंट्रीची तारीख यांत जी नंतरची, तिचा दर लागतो. जहाज जुलैत लागणार असेल तर धावपळ करून उपयोग नाही. आणि ज्या कारखान्यांना भरलेल्या आयजीएसटीचं पूर्ण क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजावट, मिळणार होतं, त्यांना थांबण्यात तोटाही नव्हता. हेच वाक्य त्यांनी त्या दिवशी प्रत्येक फोनवर नव्यानं, तितक्याच सावकाश सांगितलं. दुपारनंतर आवाज बसला, तर गरम पाणी मागवलं आणि पुढचा फोन घेतला. उरलेले फोन आम्ही वाटून घेतले आणि तेच वाक्य त्यांच्याच लयीत सांगितलं. तीन दिवस ऑफिस उशिरापर्यंत चालू होतं, पण कोणी कोणावर चढला नाही. १ जुलैला शनिवारी सिस्टीममध्ये नव्या पद्धतीचं पहिलं बिल भरलं तेव्हा सरांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः मागं उभे राहिले.

ते निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभ नको म्हणाले. पेन्सिल मात्र माझ्या टेबलावर ठेवून गेले.

जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल सुरू झाली तेव्हा त्यांचाच फोन आला, "चल, बघून येऊ." एका रविवारी आम्ही नेरूळहून बसलो. खारकोपरच्या पुढं गाडी गेली तसे ते खिडकीशी सरकले. न्हावा शेवा नावाचं स्टेशन आलं, लांबवर क्रेन दिसल्या, आणि ते म्हणाले, "बंदर १९८९ ला सुरू झालं, गाडी २०२४ ला लागली. हिचं डिटेन्शन कोणी भरलं असेल गं?"

डब्यातले दोन अनोळखी लोकही हसले. तेही डॉकवरचेच निघाले, मग उरणपर्यंत गप्पा रंगल्या. मधेच माझ्या फोनवर एका पार्टीचा फोन, आवाज सरांपर्यंत पोचण्याइतका चढा. त्यांनी भुवया उंचावून विचारलं, "किती दिवस शिल्लक?"

"चार."

"सीलचा फोटो?"

"फाइलमध्ये आहे."

"मग त्याला सांग, सोमवारी सकाळी दहाला फोन करते. आणि उरणला मासे चांगले कुठं मिळतात ते या दोघांना विचार."